राहीच्या हातचे डोळे

"बाय, तुमच्या त्या कार्यक्रमात बाहुल्यांवर कोण बोलणार हाय?"

लवूकाका तालमीच्या हॉलच्या दारात उभे होते. आमच्या नाटकातली लाकडी तलवार रंगवून आणली होती त्यांनी. रंग ओला होता म्हणून ती दोन बोटांत, अंगापासून लांब धरलेली. 'सात गलबतं' ही मालिका सुरू झाल्याला वीस वर्षं झाली म्हणून तिच्या चाहत्यांचा मेळावा रत्नागिरीत भरणार होता आणि सूत्रसंचालन माझ्याकडे आलं होतं. ही बातमी काकांपर्यंत कशी पोचली, कोण जाणे.

"कुठल्या बाहुल्या, काका?"

"गलबतांच्या. सातही तांडेलांच्या. आमी केलेल्या."

"तुम्ही?"

"सोंगं, म्हंजे घडवलेलं आंग, माझी. डोळे हिच्या हातचे."

'हिच्या' म्हणताना त्यांची मान जराशी डावीकडे वळली. तिथं कुणी नव्हतं. राहीकाकी जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण त्यांच्या गणपतीच्या शाळेत ती नेहमी त्यांच्या डाव्या हाताला बसायची, आणि मान अजून तिकडे वळते.

मी कार्यक्रमाचा कागद उघडून बघितला. मालिकेच्या नेपथ्यावर भाषण होतं, संवाद म्हणायची स्पर्धा होती, शेवटच्या भागावर चक्क परिसंवाद होता. बाहुल्यांचं नाव कुठंच नव्हतं.

"नाही हो काका. बाहुल्यांवर काही ठेवलेलं नाही."

"असा कसा? येवढी माणसा येणार. त्यातल्या एका तरी घरात एक असंल ना?"

एवढंच त्यांना हवं होतं. एक बाहुली बघायला मिळावी. ती का, हे मला त्यानंतर हळूहळू कळत गेलं. काही त्यांच्या तोंडून, काही शेजारच्यांच्या.

लवू गोताड मूळचे संगमेश्वरकडचे. तरुणपणी रत्नागिरीला आले, एका गुरूकडे गणपती करायला शिकले आणि मग झाडगावात स्वतःची शाळा काढली. गणपती करतात त्या जागेला आमच्याकडे शाळाच म्हणतात. लोक महिना-दीड महिना आधी आपापल्या घरचा पाट आणून टाकतात आणि त्याच पाटावर आपला गणपती बसवून घेऊन जातात. राहीकाकी लग्न होऊन आली तेव्हा माती चाळायची, कालवायची, पाटांवर नावं घालायची. डोळे आखायला बाहेरून एक माणूस यायचा. एके वर्षी ऐन घाईत तो तापानं आडवा झाला. गणपती ओळीनं बसलेले, सगळे रंगवून तयार आणि सगळे आंधळे. काका डोकं धरून बसले. काकीनं हातातली माती धुतली आणि कुंचला उचलला.

"पयला गणपती आखलान तो वाडीतल्या पोस्टमनचा," काका सांगत होते. "गौरी-गणपती झाले, तर तो सांगत आला. म्हणतो, लवू, दरवर्षी बाप्पा नुसता बसायचा रे. अवंदा बघत होता. मी पोरांवर ओरडायला जायचो नि गप व्हायचो."

तिथून पुढे त्या शाळेतला प्रत्येक डोळा काकीनं आखला. काका साच्यातून काढायचे, हातपाय जोडायचे, रंग द्यायचे, पण डोळ्यांना हात लावायचे नाहीत. आणि दर वर्षी काकीनं केलेलं सगळं दीड दिवसानं, पाच दिवसांनी, गौरींबरोबर पाण्यात जायचं. ती थट्टेत म्हणायची, "माझ्या हातचं म्हणून जगात काय उरलंय? रांधलं ते खाल्लात, केलं ते बुडवलात."

"मंग काय देव साठवून ठेवू घरात?" काका म्हणायचे.

"देव नको. एखादा उंदीर तरी ठेवायचात!"

तेवढ्यात मालिका आली. समुद्रावर फिरणारी सात गलबतं आणि ती हाकणारे सात तांडेल अशी ती गोष्ट. चित्रण आमच्याच किनाऱ्यावर चाललेलं. मालिकेच्या कंपनीचा अनिल नावाचा एक माणूस शाळेत आला. त्याला खेळणी हवी होती. मालिका सुरू व्हायच्या आधी ती जत्रेत, दुकानांत, गणपतीपुळ्याच्या टपऱ्यांवर लागायला हवी होती. त्यानं सहा तांडेलांचे फोटो काढून ठेवले.

"आणि सातवा?" काकीनं विचारलं.

"सातवी. कमळजा. बाई आहे. पण काम कोण करणार ते अजून ठरलं नाही, ताई."

"मग चेहरा कुणाचा करायचा?"

"तुम्हीच करा कायतरी. लहान मुलांचं आहे, कोण बघतंय?"

"मुलंच तर बघतात," काकी म्हणाली. अनिल हसला आणि चहा पिऊन गेला.

कागदाचा लगदा करून बाहुल्या घडवल्या, म्हणजे हातातून पडल्या तरी फुटायला नकोत. सहा तांडेल फोटो बघून केले. सातवीचं तोंड काकीनं स्वतः घडवलं, कुणालाही न विचारता. डोळे आखले ते बाजूला बघणारे. काकांनी नाक मुरडलं.

"समोर बघणारे काढ गो. पोरं भितील."

"समोर बघायचं देवानं. तो पाटावर बसलेला. हिला गलबत हाकायचंय. जिकडं काम असंल तिकडं बघंल ही."

ढीगभर बाहुल्या झाल्या. टोपल्या भरून बाहेर जायला लागल्या तेव्हा काकी दारात उभी राहून म्हणाली, "ह्या बुडवायच्या नाहीत हां." तिच्या आवाजाची नक्कल काकांनी मला करून दाखवली. ती त्यांना जमली नाही.

मालिका धोधो चालली. बाहुल्या खपल्या, उरल्या त्या परत आल्या. दोन टोपल्या माळ्यावर गेल्या. पुढच्या दोन-तीन वर्षांतच काकी आजारी पडली आणि फार दिवस न काढता गेली. डोळे आखायला काकांना पुन्हा कुणी मनासारखं मिळालं नाही. गिऱ्हाईक काही बोलायचं नाही, पण पुढच्या वर्षी पाट दुसऱ्या शाळेत जायचा. मग काकांनी शाळा बंद करायचं ठरवलं.

बंद करतानाही ती रीतीनं. न नेलेले गणपती, साचे, सगळं बाहेर काढलं. माळ्यावरच्या टोपल्याही खाली आल्या. शाळेचा एक नेम असतो, कुणी लिहून ठेवलेला नाही पण सगळ्यांना ठाऊक असलेला: डोळे आखलेली वस्तू धुळीत टाकायची नाही. एकदा तिला दिसायला लागलं की ती पुजायची, नाहीतर पोचवायची. काकांनी नारळ वाढवला, कापूर लावला आणि भाट्याच्या खाडीत सगळं पोचवलं. बाहुल्यांसकट.

"कुणी अडवलं नाही, काका?"

"कोण अडवणार? सगळी मोरया म्हणत व्हती. मी पण म्हणालो."

घरी आले, पाय धुतले, भावजयीनं चहा पुढे ठेवला. कप तोंडाशी नेला आणि तेव्हा आठवलं त्यांना, काकी दारात उभी राहून काय म्हणाली होती ते.

"मंग मी पळालो गो खाडीवर. ओहोटी लागलेली. लगदाच तो, किती टिकणार."

एवढ्यासाठी त्यांना मेळाव्याला यायचं होतं. त्यांचा हिशोब सरळ होता. ज्या माणसांना मालिकेतलं प्रत्येक वाक्य पाठ आहे त्यांनी बाहुली जपून ठेवली नसेल, असं होईलच कसं?

मेळाव्याला हॉल भरला. चिपळूण, लांजा, दापोली, पुणे, कुठून कुठून माणसं आली. बहुतेक तिशीतली. चाहत्यांच्या समूहाचा प्रमुख ऋत्विक, संगणकवाला, अंगात सात गलबतांचं चित्र छापलेला शर्ट. पाचव्या तांडेलानं फितुरी का केली यावर दोन मुली अशा भांडल्या की त्यांतल्या एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटचा भाग चुकीचा होता की बरोबर, यावर चहाची वेळ टळली. काका तिसऱ्या रांगेत, इस्त्रीचा सदरा घालून, हात मांडीवर ठेवून सगळं ऐकत होते. प्रश्न विचारायची वेळ आली तसे उठले. मी माईक त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो कुंचल्यासारखा धरला.

"मी लवू गोताड. झाडगाव. तुमी सकाळपासून सगळ्यावर बोललात. दोरखंडावर पण बोललात. बाहुल्यांवर कोण का नाय बोलला?"

हॉल हसला. वाईट नव्हतं ते हसणं, पण हसणंच होतं.

ऋत्विक उठला. "काका, रागावू नका. खेळणी, ती छोटी पुस्तकं, चित्रकथा, हे सगळं मालिकेच्या बाहेरचं. विकायला काढलेलं. मालिकेत जे घडलं तेवढंच आम्ही खरं धरतो. आणि बाहुल्या तर मालिका सुरू व्हायच्या आधी केलेल्या. त्यात कमळजा तर कमळजासारखी दिसतसुद्धा नाही."

"मंग कोणासारखी दिसते?"

"कुणासारखीच नाही. तोच तर घोळ आहे."

काकांनी मान हलवली. पटल्यासारखी नव्हे, ऐकू आल्यासारखी.

मला राहवलं नाही. "लहानपणी ज्यांच्याकडे बाहुली होती त्यांनी हात वर करा," मी म्हणाले. अर्ध्या हॉलनं हात वर केले. काकांचा चेहरा उजळलेला मी पाहिला.

लांज्याच्या शाळेतली नम्रता नावाची शिक्षिका म्हणाली, "माझ्याकडे पहिला तांडेल होता. भावानं त्याचं डोकं चावून खाल्लं!"

"आमचा आंब्याच्या पेटीतून मुंबईला गेला, तो गेलाच."

"माझा तिसरा तांडेल डॉक्टर होता," मागून एक दाढीवाला बोलला आणि सगळा हॉल फुटला. "अरे, डॉक्टर कसा?" "तांडेलच होता रे, पण मी त्याला डॉक्टर केला होता. आजीला इंजेक्शन द्यायचा." "मग गलबत कोण हाकायचं?" "गलबतच नव्हतं माझ्याकडे!"

"अजून सांगा ना," मी म्हणाले. "काय काय खेळायचात?"

आणि सगळे गप्प झाले. एकमेकांकडे बघायला लागले, कानशिलं खाजवायला लागले. दाढीवाला खाली बसला. मला तेव्हा समजलं. मालिका या सगळ्यांनी एकाच वेळी पाहिली होती, एकाच वाक्याला सगळ्यांच्या घरात शांतता पसरली होती, म्हणून ती वाटून बोलता येत होती. बाहुली ज्यानं त्यानं आपल्या पडवीत एकट्यानं खेळवली. एकाची डॉक्टर झाली, एकाची नवरी झाली. ती कुणाशी वाटणार? दुसऱ्या कुणाला ती माहीतच नव्हती. आणि ज्याला त्याला जी माहीत होती ती मालिकेतली नव्हती.

"आता हाय का कुणाकडं?" काकांनी विचारलं. "एक तरी. मला नको ती. बघून परत देतो."

एकही हात वर झाला नाही. ऋत्विकनं घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. संवाद म्हणायची स्पर्धा राहिली होती. काकांनी माईक माझ्या हातात परत दिला, "चालू दे तुमचा," म्हणाले, आणि मधल्या वाटेनं बाहेर गेले. स्पर्धेत पहिला आलेल्या मुलानं कमळजाचंच भाषण म्हटलं. छान म्हटलं.

खुर्च्या आवरताना एक मुलगी माझ्यापाशी आली. काळ्या ओढणीचा पदर बोटांना गुंडाळत होती.

"ताई, ते काका गेले? माझ्याकडे आहे. कमळजा."

"मग हात का नाही वर केलास?"

"सगळे हसत होते. आणि," ती अडखळली, "ती आता थोडी वेगळी आहे."

तिचं नाव झोया. राजिवड्यात राहते, बँकेत लागली आहे. वेगळी म्हणजे कशी, हे मी विचारलं नाही. त्या वेळी मला वाटलं, हात तुटला असेल, रंग उडाला असेल. एवढ्या वर्षांत काय व्हायचं ते झालं असेल. आहे हेच खूप होतं.

रविवारी दुपारी काकांना घेऊन मी राजिवड्याला गेले. दाढी केली होती त्यांनी, गालाला तुरटीचा वास येत होता. खाडीच्या कडेनं चालताना बोलत होते ते माझ्याशी की त्या डाव्या बाजूशी, सांगता येणार नाही. "डोळे बघतो नि निघतो. जास्त बसायचा नाय. लोकांचं घर."

झोयाच्या आजीनं, हफीजाभाभींनी, दार उघडलं. त्यांचा मुलगा कुवेतला, सून शेजारी कुणाचं बाळंतपण म्हणून गेलेली. पुढच्या खोलीत खिडकी, खिडकीतून खाडी, नांगरलेल्या होड्या.

"बसा भाऊ. पोरीनं सांगितलान मला. चाय टाकते."

"चाय नको भाभी."

"नको कसा? पयल्यांदा आलाव."

झोयानं आतून एक ओढणीचं बोचकं आणलं आणि काकांच्या मांडीवर ठेवलं. काकांचा चष्मा खिशात होता. तो लावायच्या आधीच त्यांनी बोचकं सोडलं. लुगड्याचा हिरवा रंग विटलेला, एका पायाला कापडाची पट्टी शिवलेली. पण सोंग अख्खं होतं. काकांचे अंगठे सवयीनं बाहुलीच्या गालावरून वर गेले. तिथे थांबले. मग त्यांनी चष्मा लावला.

बाहुलीला डोळे नव्हते. भुवया होत्या, नाक होतं, कपाळावरची चिरी होती. भुवयांखाली गुळगुळीत फिकट लगदा होता.

आत चहा उकळल्याचा आवाज येत होता. हफीजाभाभी गॅस बंद करून बाहेर आल्या आणि आल्या तशा दारालाच टेकल्या.

"मीच पुसले, भाऊ."

काकांनी वर बघितलं.

"ह्या खोलीत नमाज पढतो आमी. डोळ्याची मूर्त ठेवत नाय. हिचा बाप सुट्टीवर आलेला, तो बोलला टाकून दे खाडीत. पोर रडून रडून तापली. मग मी गोडेतेलाचा बोळा घेतला नि बसले पुसत. लवकर जात नव्हते. पक्के काढलेले कुणीतरी." त्या थांबल्या. "पुसले म्हणून ठेवता आली. मला काय ठाव, तुमच्या घरवालीच्या हातचे."

"नाय भाभी, नाय," काका घाईनं म्हणाले. "तुमी ठेवलीत तरी. मी..."

ते नुसते खिडकीतून खाडीकडे बघत राहिले. ही तीच खाडी होती. भाट्याची बाजू पलीकडे दिसत होती.

झोया त्यांच्या पायाशी बसली. "काका, तुम्ही काढाल परत? मी आणते रंग. माझ्या घरी नाही, तुमच्याकडे ठेवा मग तिला."

"मी सोंगं करतो बाय. डोळे मला आले नाहीत कधी."

हफीजाभाभींनी चहा आणून ठेवला. काकांनी बशीत ओतला, प्यायले नाहीत. बाहुलीला उलटी करून त्यांनी तळ बघितला, शिवलेली पट्टी बघितली, टाका कुणी घातला म्हणून विचारलं. झोया म्हणाली, मी, चौथीत असताना. मग त्यांनी बाहुली सरळ करून मांडीवर ठेवली, आणि मला वाटलं आता उठतील.

"तू काय खेळायचीस गो हिच्याशी?"

झोयानं माझ्याकडे बघितलं. हॉलमधल्या सगळ्यांच्या चेहऱ्यावर आला होता तोच ओशाळा भाव तिच्या चेहऱ्यावर आला. "काय पण. असंच."

"सांग तरी. हसणार नाय मी."

"हिला दिसायचं नाही ना," ती हळू म्हणाली. "मग मी हिला खिडकीत ठेवायचे आणि सगळं सांगायचे. आता हिरवी होडी लागली. आता बर्फवाला आला. आता दादी सुकट पलटते आहे. मावळत आलं की रंग सांगायचे, पाण्याचा कसा झालाय, ढगाचा कसा झालाय. मला नावं यायची नाहीत रंगांची, मग मी तिला खोटी नावं सांगायचे."

"सांग ना."

"अब्बा जायचे तेव्हा पण सांगितलं. गाडी आली. बॅगा ठेवल्या. अब्बा बसले पुढे. मागे बघत नाहीत. आता वळली गाडी पुलाकडे."

"मंग?"

"मग काय दिसत नव्हतं. मग मी गप्प बसले. ती पण."

काका ऐकत होते. मालिकेतलं एक अक्षरही त्यात नव्हतं. त्यांनी मध्येच विचारलं, ती काय बोलायची का तुझ्याशी, आणि झोया म्हणाली, नाही, ती फक्त ऐकायची.

निघताना हफीजाभाभींनी बाहुली पुन्हा ओढणीत गुंडाळली आणि त्यांच्यापुढे केली. "न्या भाऊ. तुमचीच ती. पोर काय बोलणार नाय."

झोयानंही मान हलवली. डोळे भरले होते तिचे, पण हलवली.

काकांनी बोचक्यावर हात ठेवला, क्षणभर तसाच राहू दिला, आणि ते झोयाकडे सरकवलं.

"नको भाभी. माझ्याकडं येऊन मी काय सांगणार हिला? माझ्या खिडकीतनं शेजारची भिंत दिसते."

ते उंबऱ्यापाशी आले, वाकून चपला शोधायला लागले. समोरच होत्या त्या. मी सरकवून दिल्या.